विरोधी बाकावरचा माणूस

सोसायटीची किंवा साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. अध्यक्ष विषयपत्रिका वाचतात. विषय क्रमांक एक. मागून आवाज येतो, ‘मंजूर, मंजूर!’ विषय क्रमांक दोन. ‘मंजूर!’ अर्ध्या तासात वर्षाचा कारभार आटोपतो आणि मंडळी चहाकडे वळतात. अशा सभेत एखादा सभासद अहवालाचे पान उघडून उभा राहतो आणि विचारतो, “अध्यक्षसाहेब, मागच्या वर्षी येणे होते ते वसूल झाले का?” लगेच कुजबुज सुरू होते, ‘हा नेहमीचाच आडवा!’ पण गंमत पाहा. दुसऱ्या दिवशी पारावर हीच मंडळी त्याला गाठून विचारतात, “काय हो, उत्तर काय मिळालं शेवटी?” त्याने विचारलेले सर्वांनाच हवे असते, फक्त उठून विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

राज्याच्या विधानसभेत हे उठून विचारण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले असते, त्यांना आपण विरोधी पक्ष म्हणतो. हा पक्ष कशासाठी असतो, त्याचे काम कसे चालते आणि तो दुबळा झाला तर आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाचे काय बिघडते, एवढेच आज पाहू.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. सभागृहात जागा २८८. भारतीय जनता पक्षाला १३२, शिवसेनेला ५७ आणि राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या आणि या तीन पक्षांचे सरकार आले. समोरच्या बाजूला शिवसेना उद्धव ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाला १०. सभागृहाचा दहावा हिस्सा धरला तर २९ आमदार होतात. तेवढे विरोधातल्या कोणत्याच एका पक्षाकडे नव्हते. मार्च २०२५ मध्ये ठाकरे गटाने विरोधी पक्षनेतेपदासाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले, परंतु निवडणुकीनंतरचे वर्षभर ती खुर्ची रिकामीच राहिली. आता कोणी म्हणेल, एक खुर्ची रिकामी राहिली तर आपल्या कांद्याचा भाव थोडाच पडतो? भाव पडत नाही हे खरे. पण भाव पडल्यावर विचारायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

मुळात ‘विरोधी’ हा शब्दच आपल्याकडे थोडा बदनाम आहे. विरोधी म्हणजे वैरी, भावकीतला दावेदार, अशी आपली समजूत. ज्या इंग्लंडातून ही पद्धत आपल्याकडे आली, तिथेही पूर्वी राजाच्या मंत्र्यांना विरोध म्हणजे राजद्रोहच, असे मानणारे होते. १८२६ साली हॉबहाउस नावाच्या एका सभासदाने पार्लमेंटात ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असे शब्द वापरले, तेव्हा सभागृहात हशा पिकला. पण शब्द टिकला. त्यामागची कल्पना अशी की, मंत्र्यांना विरोध करणारा माणूसही राज्याचाच सेवक असतो. १९३७ साली तर तिथे कायद्याने विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार सुरू झाला. म्हणजे सरकारवर टीका करण्यासाठी सरकारी तिजोरीतूनच पगार! वरवर पाहता हे उलटे वाटते. पण हिशेब तपासनिसाला संस्थाच पैसे देते ना? तसेच हे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. पुढे मराठी भाषकांच्या राज्याचा प्रश्न पेटला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष त्या एका मागणीसाठी एका मांडवाखाली आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जागा समितीने जिंकल्या. तथापि मुंबई द्वैभाषिक राज्याच्या ३९६ जागांच्या सभागृहात काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री राहिले.

म्हणजे समितीला सत्ता मिळालीच नाही. तरीही १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हे कसे घडले? ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. पण ती शांततेने पार पडली. सभागृहात भाषणे, बाहेर शिस्तीची निदर्शने आणि मतपेटीतला कौल, या तिन्हींचा भार वाढत गेला आणि शेवटी दिल्लीला आपला निर्णय बदलावा लागला. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या मुलांना महाराष्ट्र दिनाचा धडा शिकवताना शिक्षक बंधुभगिनींनी एवढे अवश्य सांगावे की, हे राज्य घडवण्यात सत्तेवरच्या माणसांइतकाच विरोधी बाकावरच्या माणसांचाही वाटा आहे.

राज्य झाले आणि समितीचे कामही संपत आले. एका मागणीसाठी जुळलेली मोट मागणी पुरी झाल्यावर सुटली. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष, आणि त्याचे आमदार किती? अवघे १५. दहावा हिस्सा धरला तर २७ हवे होते. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप हे विरोधी पक्षनेते झाले. १९६७ मध्ये त्या पक्षाला २७० पैकी १९ जागा मिळाल्या, तेव्हाही धुळपच नेते राहिले. १९७२ मध्ये काँग्रेस २२२ वर गेली आणि शेतकरी कामगार पक्ष ७ वर आला. तरीसुद्धा त्या पक्षाचे दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते झाले. आकडे लक्षात ठेवा: पंधरा, एकोणीस आणि सात.

मग दहाव्या हिश्श्याचा नियम आला कोठून? लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी तेथे घालून दिलेली ही रीत आहे. सभागृहाचे काम चालण्यासाठी निदान एकदशांश सभासद हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. ज्या गटाला आपल्या बळावर गणपूर्ती करता येते त्यालाच मान्यताप्राप्त पक्ष मानावे, असा त्यामागचा विचार. या मोजमापामुळे लोकसभेत १९५२ पासून १९६९ पर्यंत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता, आणि पुढे २०१४ व २०१९ च्या लोकसभांतही तो झाला नाही. महाराष्ट्रात मात्र विरोधी पक्षनेत्याचे वेतन व भत्ते ठरवणारा कायदा १९७८ चा आहे. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा जो नेता असेल आणि ज्याला अध्यक्ष मान्यता देतील, तो विरोधी पक्षनेता, अशी व्याख्या त्यात आहे. दहाव्या हिश्श्याचा शब्द त्या व्याख्येत नाही. म्हणून एक बाजू म्हणते, रीत पाळा; दुसरी बाजू म्हणते, कायदा पाहा. निर्णय शेवटी अध्यक्षांच्या हाती असतो. दिल्लीच्या विधानसभेत २०१५ साली ७० पैकी केवळ ३ आमदार असलेल्या भाजपच्या नेत्याला विरोधी पक्षनेत्याची मान्यता मिळाली होती, हेही या संदर्भात सांगितले पाहिजे. पक्ष बदलतात, खुर्च्या बदलतात आणि आज जो नियम एकाला टोचतो तोच उद्या दुसऱ्याला टोचतो. म्हणून अशा प्रश्नाकडे पक्षाचा चष्मा काढून पाहावे.

आता या नेत्याचे काम पाहू. त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. पण खरे महत्त्व आहे ते त्याच्या बोलण्याला. सभागृहात पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही येतात. अचानक काही घडले तर लक्षवेधी सूचना देता येते. अंदाजपत्रकातल्या मागणीवर कपात सूचना आणता येते. अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात विरोधी पक्षातर्फे अंतिम आठवडा प्रस्ताव मांडण्याची पद्धत आहे आणि त्यात राज्यकारभाराच्या नाना बाबी येतात. ही आयुधे सत्ताधारी पक्षाच्या आमदारालाही असतात हे खरे. पण आपल्याच मंत्र्याला भर सभागृहात अडचणीत आणायला तो संकोचतो. घरातला माणूस घरच्यांचे उणे चारचौघांत काढत नाही, तसे ते आहे.

याखेरीज काही नेमणुकांतही त्याचा शब्द असतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्यापैकी कित्येकांनी वापरला असेल. अर्ज करून माहिती मिळाली नाही तर शेवटचे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. या आयोगावरच्या माणसांची शिफारस करणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असे तिघे असतात. असा नेता अधिकृतपणे मान्य झालेला नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्याला त्या जागी धरावे, असे कायदा करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवले आहे. नेता नसला तरी त्याचे काम अडू नये, याची ती तजवीज आहे.

आपल्या भागातल्या एखाद्या प्रश्नाला हे लावून बघा. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने खालच्या बाजूला ऊस, कांदा आणि द्राक्षे पिकली. वर मात्र कित्येक कुटुंबांची जमीन गेली. विस्थापितांना जमीन कोठे मिळाली, कालव्याचे शेवटच्या टोकापर्यंत पाणी का पोचत नाही, हिरड्याला भाव काय, बिबट्याने जनावर मारले तर भरपाई किती दिवसांत, हे सारे प्रश्न विचारल्याशिवाय सुटत नाहीत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला. पण कायदा झाला म्हणजे जमीन हाती आली असे नव्हे. अंमलबजावणीचा पाठपुरावा करणारा माणूस सभागृहात लागतो. दि. बा. पाटलांचेच उदाहरण घ्या. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या रायगड-ठाण्याकडच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत त्या लढ्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

सभागृहाबाहेरही हे काम चालते. १९७२ च्या दुष्काळात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या स्त्रिया हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले. तिची कल्पना काँग्रेसचे वि. स. पागे यांची, विरोधकांनी तिला पाठिंबा दिला, ती नीट चालावी म्हणून मोर्चे काढले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. विरोध म्हणजे दरवेळी ‘नाही’ म्हणणे नव्हे, हे यावरून दिसेल. १९८१-८२ मध्ये सिमेंटच्या वाटपाचे प्रकरण वर्तमानपत्रांनी उजेडात आणले, विरोधकांनी न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले.

विरोधी बाक ही उमेदवारीची शाळाही आहे. शरद पवार १९८० नंतर काही वर्षे विरोधी पक्षनेते होते, १९८८ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. मनोहर जोशी १९९० मध्ये विरोधी पक्षनेते, १९९५ मध्ये मुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस २०१९ ते २०२२ विरोधी पक्षनेते, २०२४ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री. १९७९-८० मध्ये त्या खुर्चीवर बसलेल्या प्रतिभा पाटील पुढे राष्ट्रपती झाल्या. आणि ज्या यशवंतराव चव्हाणांनी समितीचा विरोध अंगावर घेतला, तेच १९७७ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. त्यातली बहुतेक वर्षे विरोधी बाकावरच गेली. तरी लोक त्यांना निवडून देत राहिले.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. प्रश्नाचा तास गोंधळात बुडवायचा, सभात्याग करायचा आणि बाहेर येऊन भाषण ठोकायचे, यात गावचा प्रश्न तसाच राहतो. गोंधळात मंत्र्याचेच फावते, कारण उत्तर टळते. दुसरे दुखणे याहून जुनाट आहे. २००५ मध्ये नारायण राणे, २०१९ मध्ये राधाकृष्ण विखे पाटील आणि २०२३ मध्ये अजित पवार हे विरोधी पक्षनेते असताना किंवा ते पद सोडून लगेच सत्तेच्या बाजूला गेले. तिघांचे पक्ष वेगळे, कारणे वेगळी. पण मतदाराच्या मनात एकच शंका येते: पहाऱ्यावर ठेवलेला गडीच वाड्यात राहायला गेला, तर मागच्या दाराकडे पाहायचे कोणी? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला, २००३ मध्ये तो कडक झाला, तरी २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटलीच. निव्वळ कायद्याने हे दुखणे बरे होत नाही.

आपल्या दोन तालुक्यांचा कौल या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. आंबेगावने १९९० पासून २०२४ पर्यंत सलग आठ वेळा दिलीप वळसे पाटील यांना निवडून दिले. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्षही होते. शेजारच्या जुन्नरने २०१४ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा आमदार दिला, आणि त्या वर्षी साऱ्या राज्यात त्या पक्षाचा तो एकच आमदार होता. २०१९ मध्ये जुन्नरने राष्ट्रवादी काँग्रेसला कौल दिला आणि २०२४ मध्ये अपक्षाला. लोकसभेचा हिशेब आणखी निराळा. १९८९ मध्ये खेड मतदारसंघाने जनता दलाचे किसनराव बाणखेले यांना दिल्लीला पाठवले. २०१९ आणि २०२४ मध्ये शिरूरने अमोल कोल्हे यांना निवडले आणि दोन्ही वेळा ते विरोधी बाकावर बसले. एकच मतदार मुंबईला एका रंगाचा आणि दिल्लीला दुसऱ्या रंगाचा माणूस पाठवतो. त्याला गोंधळलेला म्हणू नका. काम करून घ्यायला एक आणि जाब विचारायला दुसरा, असाही विचार त्यामागे असू शकतो.

बाहेरच्या जगात या प्रश्नाची उत्तरे कशी शोधली, हेही थोडे पाहू. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा छोटा देश आहे. १९५२ पासून १९६७ पर्यंत तिथे एक राष्ट्राध्यक्ष नव्हता; नऊ जणांचे मंडळ कारभार पाही. त्यात सहा जागा जिंकलेल्या पक्षाला आणि तीन हरलेल्या पक्षाला. हिशेबाच्या खोलीत विरोधकाला बसायला खुर्चीच दिली म्हणा ना. कारभार संथ होतो अशी तक्रार वाढल्यावर ती पद्धत त्यांनी सोडली. त्याच खंडातल्या कोलंबियाने २०१८ मध्ये वेगळी वाट काढली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराला तिथे सिनेटमध्ये जागा मिळते. सरकार आल्यावर महिन्याभरात प्रत्येक पक्षाला जाहीर करावे लागते की, आम्ही सरकारबरोबर, विरोधात, की स्वतंत्र. विरोधात असलेल्यांना सरकारच्या भाषणाला उत्तर देण्यासाठी रेडिओ-टेलिव्हिजनवर वेळ मिळतो. गुस्तावो पेत्रो २०१८ मध्ये हरले, त्या नियमाने सिनेटमध्ये बसले आणि २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. अनेक वर्षे बंदुकीच्या राजकारणाने पोळलेल्या त्या देशाने एवढे ओळखले की, हरलेल्या माणसाला सभागृहात जागा ठेवली नाही तर तो दुसरीकडे जागा शोधतो.

शिक्षक मंडळींनी हा विषय वर्गात नुसता पाठ करून घेऊ नये. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आपण घेतोच. त्यात हरलेल्या मुलालाही एक काम द्यावे. आठवड्यातून एकदा त्याने उभे राहून मंत्र्यांना तीन प्रश्न विचारावेत: पाण्याच्या टाकीविषयी, ग्रंथपेटीविषयी, खेळाच्या सामानाविषयी. अट एकच, प्रश्नाला आधार हवा आणि आवाज चढता कामा नये. उत्तर देणाऱ्यानेही ‘उद्या सांगतो’ म्हटले तर तो उद्या वहीत लिहून ठेवावा. मुले यातून जे शिकतील ते पुस्तकाच्या चार पानांत मावणार नाही.

आणि गावकरी मंडळींनी? आपला आमदार कोणत्याही बाजूचा असो, त्याला अधिवेशनापूर्वी भेटावे आणि तोंडी गाऱ्हाणे न सांगता लेखी प्रश्न द्यावा. गट नंबर, कालव्याची चारी, अर्जाची तारीख असा तपशील त्यात घालावा. ‘आमच्याकडे पाणी नाही’ या वाक्यावर प्रश्न होत नाही. ‘अमुक चारीला अमुक आवर्तनात पाणी का सुटले नाही’ यावर होतो. त्याने विचारला नाही तर दुसऱ्या बाकावरच्या आमदाराकडे जाण्यात कमीपणा नाही. ग्रामसभेत हिशेब विचारणाऱ्याला आडवा म्हणून खाली बसवू नये. विधानसभेतली खुर्ची भरायची की नाही ते अध्यक्ष ठरवतील. पण प्रश्न विचारणाऱ्याचे ऐकून घेण्याची सवय गावाला लागली नाही, तर मुंबईत ती खुर्ची भरूनही फारसे हाती लागणार नाही.